मदत हवी आहे: नांदेडच्या उन्हाळ्यात क्रायो-ईएमच्या ग्रिड कशा गोठवाव्यात?

नमस्कार मंडळी,

नांदेडात बसून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी (क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) नमुने गोठवायची कमी खर्चाची पद्धत बसवतोय. सूक्ष्मदर्शक इथं नाही. ग्रिड (नमुना धरणाऱ्या बारीक जाळीदार चकत्या) इथं गोठवायच्या आणि तपासायला बंगळुरूच्या राष्ट्रीय सुविधेत न्यायच्या, असा बेत. गोठवणंच जमेना झालंय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रथिनाचं द्रावण इतक्या झटक्यात थंड करायचं की स्फटिक धरायला पाण्याला सवडच मिळू नये, ते काचेसारखं थिजावं. १९८० च्या दशकात झाक दुबोशे यांनी हे जमवलं आणि २०१७ साली फ्रँक व हेंडरसन यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, तरी ग्रिड थेट त्यात बुडवून भागत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा वाफेवर नाचतो, तसं ग्रिडभोवती वायूचं कवच तयार होतं आणि थंडी आत पोचतच नाही. म्हणून नायट्रोजनमध्ये बसवलेल्या वाटीत इथेन द्रवरूप करायचा आणि त्यात बुडवायचं.

माझं यंत्र म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चौकट, सरकती दांडी, खाली चिमटा. चिमट्यात ३ मिमीची तांब्याची ग्रिड, तिच्यावर बारीक भोकांची कार्बनची जाळी. ३ मायक्रोलिटरचा थेंब टाकतो, फिल्टर पेपरने ४ सेकंद टिपतो, पायाने कळ दाबतो, दांडी खाली. नायट्रोजनची अडचण नाही. वडील पशुधन पर्यवेक्षक होते. देवणी आणि लालकंधारी गायींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचं द्रव नायट्रोजनचं भांडं लहानपणी आमच्या ओसरीतच असायचं आणि झाकणाला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. आता त्याच ओळखीतून भांडं भरून मिळतं. (वडील म्हणतात, एवढा शिकून शेवटी कांड्याच भरायला लागला.)

नमुना आहे हरभऱ्यावर मर आणणाऱ्या बुरशीतलं एक एन्झाइम. मे महिन्यातल्या १२ ग्रिड तपासून आल्या. निम्म्या भोकांत काहीच नाही, नुसती कोरडी. बाकीच्यांत थर इतका पातळ की प्रथिनाचे कण कडेला सरकलेले, आणि बरेचसे तुटलेले. खोलीत एसी होता, पण आर्द्रता १८ टक्के. मागच्या जुलैत उलटं झालं होतं. थर बरा होता, पण सगळीकडे बर्फाच्या गाठी. दरवाजा उघडला की इथेनच्या वाटीवर धुकं दिसायचं.

आर्द्रता धरून ठेवणारं तयार यंत्र घ्यायची ऐपत नाही. घरगुती काही जुगाड आहे का? आणि जुलैतला बर्फ बुडवतानाचा की नंतरचा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १ (काडीपेटी)

मे महिन्याचं उत्तर सोपं आहे. टिपल्यावर उरतो तो थर शंभरेक नॅनोमीटरचा, आणि कोरड्या हवेत त्यातले सेकंदाला तीस-चाळीस नॅनोमीटर सहज उडतात. पाणी उडालं की उरलेल्यात मीठ घट्ट होतं. तुमचं प्रथिन त्या मिठानं मोडलं असणार, थंडीनं नाही. चौकट उचला आणि ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये न्या. थंडीत बाष्पीभवन मंदावतं. टिपायच्या जागेभोवती अ‍ॅक्रिलिकची पेटी करा, आत ओले स्पंज ठेवा. कोल्ड रूम बंद असते, त्यामुळे नायट्रोजन आणि इथेन दोन्हींसाठी ऑक्सिजन मीटर हवाच, एकट्यानं काम करायचं नाही, आणि ठिणगी उडेल असं काही आत नको.

प्रतिसाद २ (गोदाकाठचा)

जुलैच्या बर्फाबद्दल. गाठी कार्बनवर आणि भोकांवर सारख्याच पसरलेल्या असतील तर तो नंतर बसलेला दव आहे, म्हणजे इथेनमधून काढून साठवणीच्या डबीत ठेवताना लागलेला. भोकातल्या थरालाच पोत दिसत असेल तर तिथं एक डिफ्रॅक्शन (इलेक्ट्रॉन विखुरून उमटणारी नक्षी) घ्या. पसरट, धूसर कडी आली तर पाणी काचेसारखं थिजलंय. टोकदार ठिपके आले तर स्फटिक आहेत, म्हणजे थंड व्हायला उशीर झाला किंवा मध्येच ग्रिड उणे १४० च्या वर गेली. फोटो टाकाल का?

आणखी एक. इथेन उणे १८३ ला गोठतो, त्यामुळे वाटीत कडेला घट्ट आणि मध्ये पातळ असताना बुडवा. सगळा गोठला की लोक आणखी इथेन ओततात आणि तो गरम राहतो. ग्रिड ग्लो डिस्चार्ज करून (विजेने चेतवलेल्या विरळ वायूत ठेवून, म्हणजे पाणी नीट पसरतं) लगेच वापरता ना? तासभर पडून राहिली तर पाणी सगळीकडे नीट पसरत नाही.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

दोघांचे आभार. कोल्ड रूम आहे, पण तिच्यात बियाणं ठेवलंय, ते हलवायला चिठ्ठी लिहितोय. ग्लो डिस्चार्ज सकाळी करून ग्रिड दुपारी वापरत होतो, हे कबूल.

जुलैचे फोटो पुन्हा काढून बघितले. गाठी कार्बनवरही आहेत, म्हणजे दवच. काल वडिलांना दाखवत होतो. म्हणाले, कांडी भांड्याच्या गळ्याच्या वर आली की आम्ही मोजायचो, तू मोजतोस का? मोजत नव्हतो. व्हिडिओ काढून पाहिला तर वाटीतून डबीपर्यंत चिमटा नायट्रोजनच्या वर हवेतून जातोय, पाच-सहा सेकंद. आता वाटी आणि डबी जवळ आणून बसवतोय.

एक राहिलं. बंगळुरूला ग्रिड न्यायला ड्राय शिपर (नायट्रोजन शोषून धरणारं, प्रवासात न सांडणारं भांडं) लागतो. परभणी, लातूर, संभाजीनगर, कुठल्या प्रयोगशाळेत आठवडाभरासाठी मिळेल का? भाडं देईन, आणून-पोचवून देईन. निरोप टाका.