सहा भागांची मालिका, अडीच तासांचा सिनेमा: ही कात्री चाहत्यांच्या हातात असावी का?

कातरवेळ

'स्टार वॉर्स'च्या विश्वातली 'ओबी-वान केनोबी' ही मालिका २०२२ साली डिस्ने प्लसवर आली. सहा भाग, सगळे मिळून साडेचार तासांच्या आसपास. ती संपते न संपते तोच एक चाहता तिचा अडीच तासांचा सिनेमा करून मोकळा झाला. नवं चित्रीकरण काही नाही. आहे तेच कापायचं, इकडचं उचलून तिकडे लावायचं. फॅन-एडिट म्हणतात ते. हा विषय निघाला की बहुतेकांचं एकच पालुपद असतं: दिग्दर्शिकेच्या कामात नाक खुपसणारे हे कोण?

मी म्हणतो, खुपसलं ते बरंच झालं. ही गोष्ट मुळात सिनेमाचीच होती. स्टुअर्ट बीटीने ओबी-वानवर सिनेमाची पटकथा लिहिली होती. २०१८ साली 'स्टार वॉर्स'चाच 'सोलो' हा सिनेमा तिकीटबारीवर आपटला, स्टुडिओचे हातपाय गार पडले आणि सिनेमा बारगळून त्याची मालिका झाली. गोष्ट दोन-सव्वादोन तासांची आणि भरायचे सहा भाग. मग पाणी घालणं आलंच.

पहिल्या भागात दहा वर्षांच्या लेयामागे धट्टेकट्टे भाडोत्री गुंड जंगलात धावतात आणि ती पोर त्यांना बराच वेळ सापडत नाही. तिसऱ्या भागात तर कहर आहे. खलनायक व्हेडर ओबी-वानला आगीतून फरफटवतो आणि मग नुसत्या हाताच्या इशाऱ्याने ती आग विझवतो. थोड्याच वेळात ओबी-वानची साथीदार आग पुन्हा पेटवते, एक यंत्रमानव सावकाश चालत येऊन त्याला उचलून नेतो, आणि व्हेडर ज्वाळांच्या पलीकडून बघत उभा! अरे बाबा, आत्ताच विझवलीस ना? पुन्हा विझव की! पण नाही, कारण खरी गाठ सहाव्या भागात पडायची आहे. ही गोष्टीची गरज नव्हे, वेळापत्रकाची.

चांगला फॅन-एडिट ही मला समीक्षाच वाटते. 'मधले भाग रेंगाळले' असं लिहायला काय जातं? ते रेंगाळणं काढून दाखवायचं तर नेमक्या कुठल्या फ्रेमवर कापायचं हे ठरवावं लागतं.

तिसरी घंटा

साफ असहमत, आणि तुमचंच उदाहरण घेऊन.

आगीसमोर व्हेडर नुसता उभा राहतो हे चित्रित झालेलं आहे. चाहता तिथे करून करून काय करणार? चार सेकंद कमी करेल. व्हेडर उभा तो उभाच. मालिकेच्या संकलकापुढे एकेका प्रसंगाचे कितीतरी टेक असतात, वेगवेगळे कोन असतात, न वापरलेल्या प्रतिक्रिया असतात. चाहत्याच्या हाती येतो तो दुसऱ्याने निवडून, कापून, रंगवून झालेला माल. त्याला फक्त वजाबाकी येते, आणि वजाबाकीला दिग्दर्शन म्हणत नाहीत.

आता ओबी-वानचा माग काढणाऱ्या रीवाचं बघा. ती सगळ्यांनाच नको असते, काढा म्हणतात. पण अ‍ॅनाकिन (ओबी-वानचा जुना शिष्य, जो पुढे व्हेडर झाला) जिवंत आहे हे ओबी-वानला कळतं ते दुसऱ्या भागाच्या शेवटी, तिच्याच तोंडून. त्याच्या पायाखालची जमीन सरकवणारी बातमी देणारं पात्र तुम्ही काढणार कसं? मग तिला अर्धमुर्धं ठेवायचं. म्हणजे ती येते, बातमी देते, डोळे वटारते आणि जाते. ती लहानपणी अ‍ॅनाकिनने जेडाय योद्ध्यांच्या मंदिरात केलेल्या कत्तलीतून मेल्याचं सोंग घेऊन वाचली, हे पाचव्या भागात कळतं तेव्हा तिच्या रागाला अर्थ येतो. तो अर्थ कापायचा आणि वर म्हणायचं, पात्र उथळ आहे!

ध्वनीवेडी

दोघेही चित्राबद्दल बोलताय. फॅन-एडिट पकडला जातो तो आवाजात.

चित्र कुठेही कापा, डोळा खपवून घेतो. पण पार्श्वसंगीत प्रसंगाच्या सीमा पाळत नाही. एका प्रसंगाच्या मध्यावर सुरू झालेली सुरावट पुढच्या दोन प्रसंगांवरून वाहत जाते. मधला प्रसंग उडवला की ती सुरावट अशी अडखळते की संगीतातलं काही न कळणाराही मान वर करतो. यावर फॅन-एडिट करणाऱ्यांचा जुना उपाय म्हणजे ५.१ (सहा वाहिन्यांच्या) ध्वनीतली मधली वाहिनी वेगळी काढायची. संवाद बहुतेक तिथेच असतात, संगीत जास्त करून डाव्या-उजव्या आणि मागच्या वाहिन्यांत. मधली ठेवायची, बाकीच्या गाळायच्या, खाली नवं संगीत अंथरायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण संगीत मधल्या वाहिनीतही थोडं झिरपलेलं असतंच. शिवाय बाकीच्या वाहिन्यांबरोबर वारा, गर्दी, यंत्रांची घरघर, सगळंच जातं. उरतं ते एखाद्या बंद खोलीत बोलल्यासारखं. मग ती घरघर नव्याने तयार करा, संवादाखाली पसरा, कापलेल्या जागेच्या आधी सुरू करून नंतर विरू द्या. आता आवाज वेगळे करणारी एआयची साधनं आली आहेत, काम हलकं झालंय, पण शब्दाच्या टोकाला एक पाणचट थरथर राहते ती अजूनही कानाला टोचते.

तेव्हा 'फक्त वजाबाकी' हे मला पटत नाही. यातलं अर्धं काम बेरजेचं असतं, फक्त नीट जमलं की ते ऐकूच येत नाही.

आडगल्ली

आम्हा गरिबांचं कुणी ऐकेल का? पन्नास तासांच्या मालिका बघायला वेळ कुणाला आहे? कुणी दोन तासांत आटपून देत असेल तर माझे त्याला शंभर आशीर्वाद. कला-बिला तुमची तुम्ही बघा.

तिसरी घंटा

आडगल्ली, तुमच्यासाठीच एक प्रयोग झालेला आहे. 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग दोन फ्रेंच चाहत्यांनी १२७ मिनिटांत बसवले. २०१७ साली तो सिनेमा इंटरनेटवर आला आणि लगोलग उतरवलाही गेला. दोघांनी त्यावर दोन वर्षं घालवली होती. मेहनतीबद्दल प्रश्नच नाही, मी टोपी काढतो.

पण त्या मालिकेचा विषयच मुळी 'हळूहळू' हा आहे. रसायनशास्त्र शिकवणारा वॉल्टर व्हाइट अमली पदार्थांच्या धंद्यात शिरतो, पण एका रात्रीत बिघडत नाही. दर भागात एक छोटी सबब, एक छोटी पायरी, आणि आपणही प्रत्येक पायरीवर 'चला, एवढं ठीक आहे' म्हणत त्याच्याबरोबर उतरतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचा साथीदार जेसी याच्या मैत्रिणीचा, जेनचा, जीव जात असतो आणि तो बघत उभा राहतो. ही गोष्ट जेसीला तो सांगतो पाचव्या सीझनमध्ये, वाळवंटात, निव्वळ दुखवण्यासाठी. मूळ प्रक्षेपणात या दोन प्रसंगांत चार वर्षांचं अंतर होतं. एवढा काळ ते गुपित फक्त वॉल्टरला आणि आपल्याला ठाऊक होतं. आपणही त्यात सामील होतो. दोन तासांत हे अंतर तासाभराचंही उरणार नाही. माहिती तीच राहील, पण सामील झाल्याची टोचणी जाईल.

तिसऱ्या सीझनमध्ये एक अख्खा भाग प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीवर आहे. पैसे वाचवायला बेतलेला, जवळजवळ एकाच जागी घडणारा. कथानकाच्या हिशोबात तो पहिल्या फटक्यात उडेल. वॉल्टर आतून किती पोखरला गेलाय हे मला मात्र सगळ्यात स्पष्ट दिसलं ते तिथेच.

कातरवेळ

तिसरी घंटा, 'ब्रेकिंग बॅड'बाबत एकशे एक टक्के मान्य. पण तुम्ही माझ्या मुद्द्याला बगल देताय. ती मालिका मालिका म्हणूनच जन्माला आली. मी बोलतोय ते सिनेमाची ताणून केलेली मालिका यावर. हल्ली मर्यादित भागांच्या मालिकांत हा प्रकार सर्रास दिसतो. पहिला भाग झकास, शेवटचा झकास आणि मधले तीन-चार भाग पात्रं या ग्रहावरून त्या ग्रहावर ये-जा करतायत. पकडले, सुटले, पुन्हा पकडले. अशा वेळी कात्री मूळ आकाराकडे परत नेते.

आणि रशेस (न कापलेलं मूळ चित्रीकरण) नसतात म्हणून ते संकलन नव्हे, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? माहितीपट करणारे दुसऱ्यांनी चित्रित केलेलं जुनं साहित्य वापरतातच.

कलमबहाद्दर

समीक्षा, मूळ आकार वगैरे राहू द्या. कुणाच्या परवानगीने?

अमेरिकेत या वळणाचं एक गाजलेलं प्रकरण झालंय. क्लीन फ्लिक्स आणि तिच्यासारख्या कंपन्या सिनेमांतली नग्नता, हिंसा, शिवीगाळ कापून 'स्वच्छ' डीव्हीडी विकत आणि भाड्याने देत. दिग्दर्शक आणि स्टुडिओ विरोधात गेले. कंपन्यांचं म्हणणं, आम्ही प्रत्येक कापलेल्या प्रतीमागे एक मूळ प्रत विकत घेतोय, कुणाचं नुकसान? २००६ साली न्यायालयाने ते फेटाळलं. मूळ प्रत विकत घेतली म्हणून बदललेली प्रत काढायचा हक्क मिळत नाही.

फॅन-एडिटवाले जो संकेत मिरवतात ना, 'मूळ डिस्क तुमच्याकडे असेल तरच बघा', तो याच युक्तिवादाचा चुलतभाऊ आहे. सभ्यपणा म्हणून चांगला, पण बचाव म्हणून लंगडा.

ध्वनीवेडी

कलमबहाद्दर, त्या खटल्यात दिग्दर्शकांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं तेही सांगून टाका. स्टीव्हन सोडरबर्ग! आणि याच गृहस्थांनी २०१५च्या जानेवारीत कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'ला स्वतः कात्री लावली. ११० मिनिटांचा अवतार करून आपल्या संकेतस्थळावर टाकला आणि हक्कदारांनी सांगितल्यावर काढून घेतला. दुसऱ्याने कापलं तर खटला, आपण कापलं तर अभ्यास.

कलमबहाद्दर

हा हा, बिनतोड! पण फरक आहे. त्या कंपन्या धंदा करत होत्या, यांनी दमडी घेतली नाही. आणि काढा म्हटल्यावर काढलं. कायद्याच्या नजरेत एवढ्याने निर्दोष ठरत नाही कुणी, पण माणूस म्हणून मला दुसरा प्रकार कमी खटकतो.

जुनी रीळ

कुणीच स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते. 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' १९७३ साली टीव्हीवर सहा भागांत आली, पावणेपाच तासांच्या आसपास. मग त्याने स्वतःच तिचा पावणेतीन तासांचा सिनेमा केला. 'फॅनी अँड अलेक्झांडर'ही तसंच. टीव्हीसाठी पाच तासांहून मोठं, सिनेमागृहासाठी तीन तासांच्या वर थोडं. पीटरसनच्या 'दास बूट' या पाणबुडीवरच्या सिनेमाचंही तेच: १९८१चा अडीच तासांचा सिनेमा, पुढे टीव्हीवर सुमारे पाच तासांची मालिका, १९९७ साली साडेतीन तासांची दिग्दर्शकाची आवृत्ती.

म्हणजे एकाच साहित्यातून मालिका आणि सिनेमा दोन्ही होतात आणि दोन्ही उभे राहतात. पाणबुडीची मालिका बघताना वाट पाहण्याचा कंटाळा अंगात भिनतो, सिनेमात भीती जास्त लागते. बर्गमनला 'फॅनी'ची कापाकापी फार जड गेली होती. काय जातंय हे त्याला नेमकं ठाऊक होतं. चाहत्याला ते ठाऊक नसतं, म्हणून त्याचा हात सैल चालतो. हा कधी त्याचा फायदा असतो, कधी तोटा. ओबी-वानच्या बाबतीत मी फायद्याच्या बाजूने मत देईन.

तिसरी घंटा

जुनी रीळ, उदाहरणं चोख आहेत पण ती माझ्याच बाजूने जातात. तिन्हींत कापणारा हात करणाऱ्याचाच होता.

कातरवेळ, एक नेमका प्रश्न. सहाव्या भागात शेवटचं द्वंद्व चालू असताना मधेमधे रीवा लेयाचा जुळा भाऊ ल्यूक याच्या घरावर चालून जाते. तुम्हा मंडळींना तो भाग नको असतो, द्वंद्व सलग हवं असतं. आता बघा. व्हेडर ओबी-वानला दगडांच्या ढिगाखाली गाडतो आणि निघून जातो. दृश्य ल्यूककडे जातं. आपण परत येतो तेव्हा ओबी-वान त्या ढिगाखाली धडपडतोय, मुलांची आठवण काढतो आणि उसळून बाहेर येतो. मधलं कापलंत तर तो गाडला गेला रे गेला की बाहेर! गाडला जाण्याला काही वजन राहील का? तो जो वेळ गेल्यासारखा वाटतो, तो पुरवलाय रीवाच्या प्रसंगाने.

कातरवेळ

प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही मालिकेतच पडून आहे. पाचव्या भागात ओबी-वान आणि तरुण अ‍ॅनाकिन यांच्या सरावाच्या द्वंद्वाचे तुकडे आहेत. त्यातला शेवटचा तुकडा, ओबी-वान जिंकण्याच्या हव्यासाबद्दल सुनावतो तो, उचलून ढिगाऱ्याच्या अंधारात ठेवायचा. वेळही जातो आणि दोघांचं नातंही नेमकं तिथेच आठवतं. रीवा लागतच नाही.

ध्वनीवेडी

कल्पना झकास आहे. फक्त ढिगाऱ्याखालची दगडांची करकर सरावाच्या तुकड्याखालीही हलकी चालू ठेवा, नाहीतर आठवण न वाटता सरळ दुसरा प्रसंग सुरू झाल्यासारखं वाटेल.

तिसरी घंटा

आणि पाचव्या भागात त्या जागी काय उरलं? व्हेडर उतावीळपणे एक जहाज जमिनीवर खेचतो, ते रिकामं निघतं आणि खरं जहाज निसटतं. सरावातला तो धडा शेजारी आहे म्हणून तो मूर्ख न वाटता तोच जुना अ‍ॅनाकिन वाटतो. तुकडा हलवलात की तिथे परत तुमचा आगीपुढचा व्हेडर तयार: समोरून पळू देणारा. आता त्याच्यासाठी कुठून काय उचलणार?