माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये स्फुरद (फॉस्फरस) 'भरपूर', तरी दरवर्षी डीएपी कशाला?

ऊसपट्टा
आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाला शिफारस हेक्टरी 400:170:170 किलो नत्र:स्फुरद:पालाश, म्हणजे एकरी 68 किलो स्फुरद, म्हणजे डीएपी या स्फुरदाच्या खताची जवळपास 3 पोती (50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद). आमच्याकडं वडिलांच्या काळापासून हेच चालू, वर भरणीला (उसाला माती चढवताना) परत दहा-सव्वीस-सव्वीस हे मिश्रखत, त्यातही स्फुरद. पीक पहिल्या वर्षी त्यातला 15-20 टक्केच उचलतं, मग बाकीचा जातो कुठं? युरियासारखा हवेत उडत नाही, काळ्या रानात निचऱ्यातून फारसा जातही नाही, कॅल्शियमला धरून तिथंच बसतो आणि साठत राहतो. माझं स्पष्ट म्हणणं, रिपोर्टमध्ये उपलब्ध स्फुरद हेक्टरी 25 किलोच्या वर असेल तर डीएपी निम्म्यावर आणा. 1350 चं पोतं आहे आणि बरंचसं बाहेरच्या देशातनं येतं!

चुनखडी_रान
अजिबात पटलं नाही. साठलाय हे खरं, पण पिकाला मिळतो का? पीएच 8 च्या वर गेलेल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद आधी थोडा सैल असतो, मग वर्षागणिक अजून घट्ट रूपात जातो. आणि तो मातीत सरकतो जेमतेम काही मिलिमीटर, म्हणजे कोवळ्या मुळीच्या जवळ नसेल तर असून नसल्यासारखा, त्यात थंडीत तर मुळी अजून कमी उचलते, मक्याची पानं जांभळी पडतात ते बघितलंच असेल. देशभर 1970 पासून आयसीएआरचे (भारतीय कृषी संशोधन परिषदेचे) दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत, त्यात नुसतं नत्र दिलेले प्लॉट बघा, स्फुरद संपत गेला आणि उत्पादन घसरलं.

ऊसपट्टा
अहो, त्या प्लॉटला स्फुरद दिलाच नव्हता, मी निम्मा म्हणतोय, शून्य नाही. त्याच प्रयोगांत नत्र-स्फुरद-पालाश दरवर्षी दिलेल्या प्लॉटमध्ये उपलब्ध स्फुरद वाढत गेला आणि शेणखत जोडलेला प्लॉट सगळ्यात सरस, ते का सांगत नाही? शिवाय स्फुरद जास्त झाला की जस्त (झिंक) अडतं, पानं पिवळी पडली की आपण परत झिंक सल्फेट आणायला पळतो. एका खताने केलेलं दुखणं दुसरं खत विकत घेऊन निस्तरायचं, याचाच मला राग येतो.

जांभा_कोकण
तुम्ही दोघं काळ्या रानाचं बोलताय. आमच्या लाल जमिनीत स्फुरद धरून ठेवतात लोह आणि ॲल्युमिनियम. भातात पाणी उभं राहिलं की लोहाचं रूप बदलतं आणि अडकलेला स्फुरद थोडा सुटतो, म्हणून भाताला कमी खत दिलं तरी चालून जातं, पण तेच रान सुकवून वाल-चवळी घेतली की परत अडकतो आणि कडधान्याला कमी पडतो. आणि तपासणी करताना आमच्या आम्ल मातीला स्फुरद मोजायची ब्रे पद्धत लावा, तुमच्याकडच्या चुनखडी मातीची ओल्सन पद्धत नको, नाहीतर आकडा काहीच सांगत नाही.

चुनखडी_रान
आकड्यावरच माझा खरा आक्षेप आहे. मृदा आरोग्य पत्रिका म्हणजे सरकारी माती तपासणीचं कार्ड, त्याच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना घेतला, जिरायतीत 10 हेक्टरला एक. माझ्या बांधाशेजारच्याने प्रेसमड (साखर कारखान्याची मळी, तिच्यात स्फुरद असतो) टाकलेलं असेल तर त्याच्या रानाचा स्फुरद माझ्या कार्डावर! तेवढ्यावर मी डोस कमी करणार नाही.

ऊसपट्टा
हे मात्र मान्य, स्वतःच्या रानाचा वेगळा नमुना काढा, खत घालायच्या आधी. पण मग 'भरपूर' आलं तर?

चुनखडी_रान
तर चार सऱ्या निम्म्या डोसच्या सोडेन, डीएपी वरून विस्कटून नाही, मुळीजवळ मातीआड करून. आणि लागणीच्या उसावर निकाल लावू नका, साठा असेल तर पहिल्या वर्षी फरक दिसणारच नाही. निदान दुसऱ्या खोडव्यापर्यंत (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पिकापर्यंत) त्याच सऱ्यांचं वजन वेगळं करा, मग बोलू.