पेट्रा: एक दिवस पुरेल का? आणि बदूंच्या (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) घरचं जेवण

वाटसरू: नोव्हेंबरात जॉर्डन. पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहरासाठी एक दिवस की दोन? शाकाहारी आहोत, स्थानिक घरी जेवणाचं बोलावणं आलं तर काय करावं?

खडकवेडा: दोन दिवसच घ्या. जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचं एकत्रित प्रवेशतिकीट) देशात उतरण्याआधी काढा. किमान ३ रात्री राहिलात तर ४० दिनारचं व्हिसाशुल्क वाचतं. सकाळी दार उघडताच सिकमध्ये, म्हणजे शहरात नेणाऱ्या अरुंद घळीत, शिरा. ही घळ साधारण सव्वा किलोमीटर आहे. 'खजिना' या कड्यात कोरलेल्या वास्तूवर ऊन सकाळी येतं, देइर (उंचावरचा 'मठ') इथे दुपारनंतर; म्हणून देइरच्या ८०० हून जास्त पायऱ्या दुपारी, सावली पाहून चढा. घोडा 'तिकिटातच आहे' म्हणतात ते खरं, पण उतरल्यावर बक्षिसी मागतात. आकडा आधीच ठरवा, नाहीतर वाद ठरलेला. पावसाचा अंदाज असेल तर सिक टाळाच, अचानक लोंढा येतो.

काळाचहा: कॉफी उजव्या हातानेच घ्या. कप तळाशीच भरतात, तो कंजूसपणा नव्हे! पुरे असेल तर रिकामा कप हलवून परत द्या. नुसता पुढे केलात की पुन्हा भरणार. मनसफ म्हणजे मटण, तेव्हा आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताट आल्यावर नको.

खडकवेडा: आणि ज़र्ब, म्हणजे बदूंचं जमिनीतल्या भट्टीतलं जेवण! त्यात भाज्या बहुतेकदा मांसाबरोबरच शिजतात, रस खाली ठिबकतो. 'भाजी वेगळी काढली' यावर विसंबू नका. हुम्मुस (वाटलेले काबुली चणे), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांचा पदार्थ), मुजद्दरा (मसूर-भात) मागा.

वाटसरू: पायऱ्यांचं ऐकून गुडघे आत्ताच कुरकुरले. दोन दिवस पक्के.