मदत हवी आहे: सोपी बिलं सॉफ्टवेअरकडे गेली, आता नवीन माणसं शिकणार कशावर?

नमस्कार मंडळी. आमच्या अकाउंट्समध्ये आता पीओ (खरेदीची ऑर्डर), माल आल्याची नोंद आणि बिल सॉफ्टवेअरच जुळवतं. आमच्याकडे येतात ती फक्त न जुळलेली बिलं. दिवसभर नुसती गुंतागुंत, आणि कामाचं मोजमाप मात्र जुनंच: दिवसाला किती बिलं! १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क (एक्सेलसारखं सुरुवातीचं स्प्रेडशीट सॉफ्टवेअर) आलं तेव्हा आकडेमोड वाचली, पण हिशेब कळणारा माणूस लागलाच. तो साध्या बिलांवर हात बसवून तयार व्हायचा. परवा नव्या मुलीकडून एकच बिल दोनदा मंजूर झालं. दुसऱ्यावर नंबराच्या आधी एक शून्य जास्त होतं, बस. तिला मी दोष देणार नाही, साधी बिलं तिने कधी हाताळलीच नाहीत. नवख्यांकडून सुरुवातीला हाताने जुळवणी कुणी करून घेतं का? किती दिवस? आणि मोजमाप कसं बदललंत?