मदत हवी आहे: तिसरीतील मुलगी 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिते; घरी गणित कोणत्या पद्धतीने घ्यावे?

नमस्कार. माझी मुलगी मिरज तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. तिचे वाचन चांगले आहे, कविता पाठ असतात, शाळेत जायला ती कधी कुरकुर करत नाही. गणिताची वही मात्र तिने गेल्या महिन्यात दप्तराच्या तळाशी लपवून ठेवलेली मला सापडली, आणि तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून ती नेमकी कुठे अडते हे पाहत आहे. जे दिसले ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांनी प्राथमिक शाळेत शिकवले आहे किंवा जे स्वतःच्या मुलांबरोबर यातून गेले आहेत, त्यांचे मार्गदर्शन मला हवे आहे.

पहिली अडचण संख्या ऐकून लिहिण्याची आहे. 'त्रेसष्ट' म्हटले की ती ३६ लिहिते, 'बहात्तर' म्हटले की २७ लिहिते आणि 'एकोणपन्नास' तर कधी ५९ होते, कधी ५१. सुरुवातीला मला वाटले की तिचे लक्ष नाही, आणि मी एकदोनदा रागावलेही. मग एका रात्री मी स्वतःच एका कागदावर तीन एकक असलेल्या संख्यांची नावे लिहून काढली: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. यांतल्या एकाही नावात 'तीन' हा शब्द जसाच्या तसा ऐकू येत नाही, आणि जो अंक आधी ऐकू येतो तो लिहायचा मात्र नंतर असतो. आपल्याला हे इतके अंगवळणी पडलेले असते की आठ वर्षांच्या मुलाने त्यात काय काय लक्षात ठेवायचे आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

याच संदर्भात घरात एक गोष्ट घडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या सासूबाई जत तालुक्यातल्या आहेत आणि माहेरची भाषा म्हणून त्या कन्नड बोलतात. गजगे खेळताना आज्जी कन्नडमध्ये मोजत असल्यामुळे मुलीलाही ते आकडे येतात. त्या दिवशी आज्जीने सहज 'अरवत्तमूरु' म्हटले आणि मुलीने न अडखळता ६३ लिहिले. कन्नडमध्ये 'अरवत्तु' म्हणजे साठ हे आधी येते आणि 'मूरु' म्हणजे तीन नंतर, म्हणजे जे ऐकले त्याच क्रमाने लिहिले जाते. त्यानंतर मी मुद्दाम मराठीत 'साठ आणि तीन' असे म्हणून पाहिले, तेव्हाही तिने बरोबर लिहिले.

अनेकांना आठवत असेल की २०१९ साली दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यानामे रूढ नावांबरोबर आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. नावांतली जोडाक्षरे आणि बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम मुलांना जड जातो, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडली होती. त्या वेळी माझी मुलगी तान्ही होती आणि आमच्या घरात सगळ्यांचे मत 'भाषा बिघडवू नका' असेच होते. आज तिच्याशेजारी बसल्यावर मला त्या म्हणण्यातली काळजी समजते, आणि तरीही बाजारात, बसमध्ये, आजोबांशी बोलताना तिला 'त्रेसष्ट' कळलेच पाहिजे, असेही तितकेच मनापासून वाटते.

दुसरी अडचण हातच्याच्या वजाबाकीची आहे. ५२ − २७ या उदाहरणाचे उत्तर तिने ३५ काढले. कसे, असे विचारले तेव्हा तिने बोट ठेवून दाखवले, "पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच." म्हणजे वरच्या अंकातून खालचा वजा करायचा हे तिने सोडून दिले आहे आणि मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढाच नियम तिने आपल्यापुरता धरून ठेवला आहे. मी तिला मला शिकवले होते तसे 'शेजारून एक हातचा घे' असे सांगितले, तर तिने विचारले, "एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला पाहिजेत, बारा कसे झाले?" या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

माझे सासरे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या तोलाईचे काम करत असत. त्यांना तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आजही मुखोद्गत आहेत आणि चौदाची दीडपट एकवीस हे ते विचार न करता सांगतात. त्यांची वजाबाकी वेगळीच आहे: सत्तावीसला तीन घातले की तीस, तिसापासून बावन्नपर्यंत बावीस, बावीस आणि तीन पंचवीस. ते रोज दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर नातीकडून पाढे म्हणवून घेतात. ती पंधरापर्यंत सुरात म्हणते, पण 'सहा सक' किती असे मधूनच विचारले की पुन्हा 'सहा एके सहा'पासून सुरुवात करते.

शाळेबद्दल माझी तक्रार नाही. आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि वर्गशिक्षिका तिसरी व चौथी एकाच खोलीत सांभाळतात. एका वर्गाला उदाहरणे देऊन दुसऱ्या वर्गाकडे वळायचे, असे त्यांना दिवसभर करावे लागते. तरीही त्या मण्यांची माळ आणि दशकांचे दांडे घेऊन शिकवतात, हे मी पाहिले आहे. अडचण अशी आहे की शाळेत मणी, घरी आजोबांची बेरजेने केलेली वजाबाकी आणि माझा 'हातचा' अशा तीन वाटा एकाच वेळी तिच्यापुढे आहेत. त्यात नात्यातले काही लोक सुचवतात की तिला सेमी-इंग्रजीला घाला, म्हणजे संख्यांचा प्रश्नच मिटेल.

संख्यांची नावे घरी कोणत्या पद्धतीने घ्यावीत, आजोबांची पद्धत सध्या थांबवावी का, आणि पाठांतराचा उपयोग कसा करून घ्यावा, हे कृपया अनुभवाने सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तासगाव)

ताई, मुलीने विचारलेला 'बारा कसे झाले' हा प्रश्न तुमच्या संपूर्ण लिखाणातला सर्वांत चांगला भाग आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. घरात दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी घेऊन बसा, तिला दुकानदार करा आणि तिच्याकडे सत्तावीस रुपये मागा. दहाच्या दोन नोटा द्यायला तिच्याकडे आहेत, पण सात सुटे द्यायला तिच्याकडे दोनच नाणी असतील. मग तीच म्हणेल की एका नोटेची मोड पाहिजे. नोट मोडली की दहा नाणी हातात येतात, आधीची दोन मिळून बारा होतात आणि नोटा पाचाच्या चार उरतात. आपण 'एक हातचा घेतला' म्हणतो, पण तो एक म्हणजे एक दशक असतो आणि हे आपण मुलांना सांगतच नाही. निदान महिनाभर 'हातचा' हा शब्द बाजूला ठेवा आणि 'मोड' हा शब्द वापरा. वहीतली मांडणी नोटा मोडून झाल्यावर त्याच बैठकीत करून घ्या; दुसऱ्या दिवसावर टाकली तर नोटा एकीकडे आणि वही दुसरीकडे राहते.

आजोबांची पद्धत थांबवू नका. ती तोंडी हिशेबाची उत्तम पद्धत आहे आणि मुलीला तिचा उपयोग उत्तर पडताळण्यासाठी करता येईल. ३५ आल्यावर तिने सत्तावीसमध्ये पस्तीस मिळवून पाहिले असते, तर बेरीज बासष्ट आली असती आणि चूक तिची तिलाच सापडली असती. फक्त आजोबांना विनंती करा की त्यांनी मनात केलेल्या पायऱ्या मोठ्याने बोलाव्यात आणि घाई करू नये.

संख्यानामांसाठी दोन्ही नावे जोडीने वापरा, पण वेगवेगळ्या कामांसाठी. 'त्रेसष्ट' ऐकल्यावर लगेच लिहू देऊ नका. आधी खराट्याच्या हिरांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुटे हीर मांडून 'साठ आणि तीन' असे तिने म्हणावे, मग लिहावे आणि लिहिलेले पुन्हा 'त्रेसष्ट' म्हणून वाचावे. माझ्या वर्गात यासाठी मी दोन प्रकारची कार्डे करत असे: ६० लिहिलेल्या लांब कार्डाच्या शून्यावर ३ चे छोटे कार्ड ठेवले की ६३ दिसते, आणि उचलले की खालचे ६० पुन्हा दिसते. एकोणपन्नाससाठी 'एकोण म्हणजे एक उणा' एवढे सांगून पन्नास मण्यांतला एक मणी तिच्या हाताने बाजूला करून घ्या. मग ५१ लिहिण्याचे थांबेल. 'नव्याण्णव' या नावात एकोण नाही, हे मात्र वेगळे सांगावे लागते, नाहीतर मुले हमखास 'एकोणशंभर' म्हणतात.

पाढे म्हणणे चालू ठेवा, पण अर्ध्यातून विचारण्याची सवय लावा आणि प्रत्येक पाढ्याला काहीतरी दिसणारे जोडा. आपल्या भागात द्राक्षबागा आहेत. सहा ओळींत प्रत्येकी सहा वेल मोजायला सांगा. मग 'सहा पाचे तीस' तिला येत असेल तर 'सहा सक' म्हणजे आणखी एक ओळ, छत्तीस, हे तिला सहा एकेपासून न म्हणताही कळेल.

केवळ संख्यांसाठी माध्यम बदलू नका. इंग्रजीतही 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत एकक आधीच येतो, आणि तिचे वाचन ज्या भाषेत चांगले आहे त्या भाषेतला शाब्दिक उदाहरणांचा आधार तिच्या हातून जाईल.

मूळ लेखिकेचे उत्तर, नऊ दिवसांनंतर

बाई, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नोटांचा खेळ आम्ही रोज खेळलो. चौथ्या दिवशी तिने वहीतला ५ स्वतःहून खोडून वर ४ लिहिला आणि २ च्या जागी १२ लिहिताना म्हणाली, "ही मोड." संख्या लिहिताना ती अजून थबकते, पण ओठांतल्या ओठांत 'साठ आणि तीन' म्हणून घेते आणि मग लिहिते. सासऱ्यांनी पायऱ्या मोठ्याने बोलायचे मान्य केले आहे. हिरांचे गठ्ठे आणि कार्डे मी वर्गशिक्षिकांनाही दाखवली, त्यांनी चौथीच्या मुलांसाठी आणखी एक संच करून मागितला आहे.

आता नवा प्रश्न समोर आला आहे. काल तिच्यापुढे ३०२ − १४५ हे उदाहरण होते आणि दशकाच्या घरात शून्य पाहून ती थांबली, कारण मोडायला दहाची नोटच नव्हती. मी शंभराच्या नोटेची मोड दहाच्या दहा नोटांत आणि मग त्यांतल्या एकीची नाण्यांत करून दाखवली. नोटांनी १५७ हे उत्तर आले, पण वहीत शून्याच्या जागी आधी १० आणि मग ९ असे दोनदा खोडावे लागते, तिथे ती गोंधळते. हे खोडणे कागदावर कसे मांडून द्यावे, की दोन्ही मोडी तिला वेगवेगळ्या दिसतील?