टीच ग्रँट घ्यावी का? (अमेरिकेत शिक्षक होण्यासाठी स्कॉलरशिप)

माझी भाची अमेरिकेत युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे, तिथलीच सिटिझन, गणिताची शिक्षिका व्हायचं म्हणतेय. फी बघून ताई-भावोजींच्या तोंडचं पाणी पळालंय. टीच ग्रँट म्हणून वर्षाला ४००० डॉलर मिळतात आणि परत करायचे नसतात असं कळलं. घ्यावी का? अजून काय काय आहे? जाणकारांनी प्लीज सांगा.

सुमेधा_के:
परत करायचे नसतात हे अर्धंच खरं आहे हो. कोर्स संपल्यापासून ८ वर्षांत ४ वर्षं फुल टाइम शिकवावं लागतं, तेही कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळेत आणि शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात. गणित त्यात बसतं. पण नाही जमलं तर सगळीच्या सगळी ग्रँट लोन होते आणि व्याज धरतात ते पैसे मिळाल्या तारखेपासून, ३ वर्षं शिकवलं म्हणून पाऊण माफ वगैरे काही नाही. १९-२० वर्षांच्या पोरीला हे नीट बसवून समजावून सांगा, सही तीच करणार आहे.

निनाद७:
+१. पूर्वी तर शिकवत असलेल्या हजारो लोकांची ग्रँट निव्वळ कागदपत्रांच्या घोळापायी लोन झाली होती, मग बरीच ओरड झाली, अनेकांना परत मिळाली आणि २०२१ मध्ये नियम सैल केले. तरी दरवर्षीचे फॉर्म, ईमेल सगळं जपून ठेवायचं. आणि हो, बजेट कपातीमुळे हातात ४००० पेक्षा थोडे कमीच पडतात.

धागाकर्ती:
बापरे, हे कोणी बोललंच नव्हतं. मार्कांची अट असते का? उत्पन्नाची?

निनाद७:
जीपीए ४ पैकी ३.२५ किंवा प्रवेश परीक्षेत वरच्या २५ टक्क्यांत. उत्पन्नाची अट नाही, पण फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरावाच लागतो.

गोगलगाय:
गणित आहे तर आधी नॉइस स्कॉलरशिप बघा! पैसे नॅशनल सायन्स फाउंडेशनचे, पण ते कॉलेजला मिळतात आणि कॉलेज मुलं निवडतं, त्यामुळे सगळीकडे नसते. भाचीने थेट आपल्या युनिव्हर्सिटीच्या एज्युकेशन डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारावं, बहुतेक थर्ड इयरपासून देतात म्हणजे विचारायची वेळ हीच. तिथेही बॉन्ड आहेच, स्कॉलरशिपच्या एका वर्षामागे २ वर्षं शिकवायचं.

चहाबाज:
एफ-१ (स्टुडंट) व्हिसावाल्यांना टीच ग्रँट मिळते का?

गोगलगाय:
नाही. सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि मोजके इतर.

धागाकर्ती:
भाचीशी बोलले. तिची शंका अशी की शाळा त्या कमी उत्पन्नवाल्या शाळांच्या सरकारी यादीत आहे म्हणून नोकरी धरली आणि दुसऱ्या वर्षी यादीतून गेली तर?

सुमेधा_के:
तर काही बिघडत नाही, तिथे शिकवत असताना एक वर्ष जरी शाळा यादीत असली तरी त्याच शाळेतली पुढची वर्षं धरतात. हुशार आहे हो पोरगी, बरोबर प्रश्न विचारतेय. फक्त नोकरी बदलली की नवीन शाळा यादीत आहे का ते आधी बघायचं.