पिवळं पाणी निवळलं, मग क्रोमियम गेलं कुठे?

भोसरीचा प्लेटर
भोसरीत क्रोम प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप आहे, २२ वर्षं याच कामात. मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिने रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर वस्तू धुतलेलं, पिवळं पाणी खूप पातळ करून दोन बाटल्यांत भरलं. एकीत मुठेकाठचा काळा गाळ आणि गुळाचं पाणी, दुसरीत काहीच नाही. बाराव्या दिवशी गाळाची बाटली निवळली, तळाशी करडा-हिरवट थर. दुसरी अजून पिवळीच. मी इतकी वर्षं ॲसिड, बायसल्फाइट, चुना ओततोय, आणि हे काम मूठभर गाळाने केलं? जिवाणूंनी क्रोमियम खाल्लं का? ईटीपीत, म्हणजे आमच्या सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, वापरता येईल? माझ्या कामगारांचे हात त्या पाण्याजवळ असतात, म्हणून विचारतोय.

गाळवेडी
दादा, खाल्लं नाही. धातू पचत नाही. गूळ खाऊन निघालेले इलेक्ट्रॉन जिवाणूला कुठेतरी टाकावे लागतात. हवा नसली की काही जिवाणू ते क्रोमेटवर, म्हणजे पाण्यातल्या पिवळ्या हेक्झा (सहा-संयुजी) क्रोमवर टाकतात. हेक्झा क्रोम विरघळलेलं राहतं, वर सल्फेटसारखं असल्याने पेशीत सल्फेटच्याच दाराने शिरतं, म्हणून इतकं घातक. इलेक्ट्रॉन घेऊन ते ट्राय (त्रिसंयुजी) झालं की हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. तोच तुमचा थर असावा.

युरेनियमचंही असंच. पोटोमॅक नदीच्या गाळातून १९८७ साली मिळालेला जिओबॅक्टर हा जिवाणू विरघळलेलं युरेनियम घट्ट खनिजात बसवतो, हे १९९१ मध्ये दिसलं. पुढे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल या गावी भूजलात जिवाणूंचं खाद्य म्हणून ॲसिटेट सोडलं, जिओबॅक्टर वाढला, युरेनियम उतरलं. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू वरचढ झाले आणि काम मंदावलं. शिवाय हवा किंवा नायट्रेट शिरलं की ते खनिज परत विरघळतं. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. क्रोमचा थर जास्त टिकतो, पण मँगनीज ऑक्साइड भेटलं तर तोही उलटून परत हेक्झा होतो.

एक मात्र सांगते, दुसऱ्या बाटलीत गाळ नव्हता, त्यामुळे श्रेय जिवाणूंचंच हे ठरत नाही. काळ्या गाळातलं लोखंड आणि सल्फाइडही क्रोमेट मोडतात.

ईटीपी ऑपरेटर
ईटीपी बदलू नका. प्लेटिंगच्या बाथमध्ये लिटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास क्रोमिक ॲसिड, तिथे हे जिवाणू तगणार नाहीत. आणि रंग गेला यावर विसंबू नका. हेक्झाची नदीत सोडायची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, तेवढं डोळ्याला दिसत नाही. ॲसिड करून डायफिनाइल कार्बाझाइड टाका. जांभळट आलं तर शिल्लक आहे. बाटलीतला थर ईटीपीत साचणाऱ्या स्लजबरोबरच जाऊ दे, मोरीत नको.

भोसरीचा प्लेटर
ताई, कळलं. तिसरी बाटली लावतो: गाळ कुकरमध्ये उकळून मारलेला, गूळ तेवढाच. कुकर जुना, वर्कशॉपातच राहील. कार्बाझाइड आमच्याकडे आहेच. रविवारी सुरू करतो, पंधरा दिवसांनी इथेच लिहितो.